मक्सी की माकडोन

माधव नगर, उज्जैन
३ जून २०२५

ती. शरददादास,
जयूचा सा. न. वि. वि.

तुझा फोन तीनदा वाजला, मी उचलला नाही. रागावू नकोस. हे गेल्यापासून फोनवर आवाज जरा कटला की मी फोन ठेवूनच देते. म्हणून पत्र.

तू टेलिफोन खात्यात छत्तीस वर्षं काढलीस. मला एवढंच सांग, त्या दिवशी ह्यांचा आवाज का तुटला? शाजापूरचं लग्न आटोपून हे मक्सीच्या हायवेनं येणार होते. तीन वाजता गाडीतून फोन आला. छातीत दुखतंय, गाडी साइडला लावलीय, इतकं कळलं. कुठे म्हणून विचारलं तर 'मा' एवढंच ऐकू आलं आणि मग नुसती खरखर. मी दोनदा विचारलं. फोन कटला तो पुन्हा लागलाच नाही. मी मक्सी समजले. अँब्युलन्स मक्सीला पाठवली, आमच्या चिन्मयलाही बाबांना शोधायला तिकडेच. आणि हे होते माकडोनच्या रस्त्यावर. जुन्या मित्राला भेटायला म्हणून तिकडे वळले होते. पाचनंतर एका ट्रॅक्टरवाल्यानं गाडीची काच फोडली. डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणलं असतं तर वाचले असते.

माझेच कान फुटले होते का, दादा? खरं काय ते लिही. वहिनींना नमस्कार.

तुझी
जयू


नागपूर
११ जून २०२५

चि. जयू हिस अनेक आशीर्वाद.

सवयीनं नावाआधी 'सौ.' लिहून बसलो, म्हणून कागद बदलला.

विचारलंस म्हणून सांगतो. त्या बाजूला दोन टॉवरांत अंतर फार, मधल्या पट्ट्यात सिग्नल आधीच अशक्त. त्यात गाडी म्हणजे पत्र्याची पेटी. सिग्नल आत येतो तो बहुतेक काचांतून. ऊन अडवायला काचांना जी फिल्म लावतात, तिच्यात कधी धातूचा बारीक थर असतो; तो सिग्नललाही अडवतो. फोन खाली गियरजवळच्या खणात ठेवला तर आणखी घट. ब्लूटूथचा माइक वर आरशापाशी, बोलणाऱ्याच्या तोंडापासून लांब. एसी जोरात असला की त्याला आधी पंख्याचा आवाज ऐकू येतो, मग माणसाचा. गोपाळकृष्णरावांना तर बोलायलाही बळ उरलं नसेल.

तिथे माझे कान असते तरी मलाही 'मा'च ऐकू आलं असतं. तुझा दोष नाही.

ती फिल्म गाडीला कोणी लावली ते मला माहीत नाही, आणि तूही विचारू नकोस. हे पत्र चिन्मयच्या हाती पडू देऊ नकोस. स्वतःला जप, एवढं ह्या म्हाताऱ्याचं ऐक.

तुझा
दादा


माधव नगर, उज्जैन
२४ जून २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोस्टमनकडून चिन्मयनंच घेतलं आणि दारातच वाचलं.

फिल्म त्यानंच एप्रिलमध्ये लावून आणली होती, बाबांना ऊन सोसत नाही म्हणून. ब्लूटूथही त्यानंच घेऊन दिलं. चालवताना फोन कानाला लावायचा नाही, अशी त्याची ह्यांना सक्त ताकीद होती. पत्र वाचून तो अभिजीतला, त्याच्या मित्राला घेऊन माकडोनच्या रस्त्यावर गेला. गाडी त्याच जागी लावून, काचा चढवून (फुटलेली मागेच बदलून घेतली होती), एसी सुरू करून मला फोन केला. मला खरखरच ऐकू आली. मग खाली उतरून रस्त्यावरून केला. शब्द न् शब्द ऐकू आला, त्याचं रडणंसुद्धा.

घरी येऊन त्यानं ब्लेडनं सगळी फिल्म खरवडली. बोटं रक्तानं भरली, पट्टी बांधू देईना. दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता निघून गेला. अभिजीतला तो क्षिप्रेच्या राम घाटावर सापडला. कपड्यांसकट छातीभर पाण्यात उभा होता. त्याला पोहता येत नाही, तुला माहीत आहे.

त्या संध्याकाळी मी त्याला समोर बसवलं आणि सांगितलं की मी मामाला खोटं लिहिलं. आवाज मुळीच तुटला नव्हता. बाबा स्वच्छ माकडोन म्हणाले होते. मी मिक्सर चालू ठेवून बोलत होते, मक्सी ऐकलं, आणि पुन्हा विचारलंही नाही.

 तो उठून खोलीत गेला.

नऊ दिवस झाले, माझ्याशी एक शब्द बोललेला नाही. मी स्वयंपाकघरात गेले की तो उठून बाहेर जातो. पण काल मी बाहेर गेल्यावर त्यानं हातानं वाढून घेतलं. दोन पोळ्या खाल्ल्या. पट्टीही स्वतःच बांधली.

तुला विचारेल तो. तूही हेच सांग, की दोष जयूचा.

माझ्यावर आहे तेवढी माया पुरे. उरलेली सगळी त्याच्यावर असू दे.

तुझी
जयू