अव्वाची सुई

सोलापूर,
रविवार, २९ जानेवारी १९७८

प्रिय गुरप्पास,

अनेक आशीर्वाद. पुण्यात तुला गुरुनाथ म्हणतात हे ठाऊक आहे, पाकिटावर तसंच लिहिलंय. आत मात्र गुरप्पाच.

तुझं पत्र बुधवारी मिळालं. हेमलताला सातवा लागला आणि तब्येत चांगली आहे हे वाचून बरं वाटलं. इथे सगळं ठीक. गड्ड्याची जत्रा उठली. शेजारच्या सारजाबाईंचा घसा जत्रेच्या धुळीने बसला तो अजून उठलेला नाही, त्यामुळे चाळीत कधी नव्हे ती शांतता आहे. अव्वा बरी आहे. म्हणजे आली तेव्हापेक्षा दोन घास जास्त खाते. बाकीचं पुढे लिहिते.

तू विचारलंस, अक्का, तुझं काम नक्की काय? मोहोळच्या आत्याला वाटतं मी वेड्यांना गोळ्या वाटते. तर सांगते. मी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर होते. मनाच्या आजारांचे डॉक्टर नवीन आले, त्यांना मराठी आणि इंग्रजी येई. समोरचा पेशंट कानडीत रडायला लागला की ते खिडकीकडे बघत. मी आजोळी वाढलेली, कानडी माझ्या तोंडात. मग मी रोजच आत जाऊ लागले. तेलुगू विणकरांच्या गल्लीत राहून शिकले. मग डॉक्टरांनीच मला बंगळूरला शिकायला धाडलं. आता माझी वेगळी खोली आहे, दोन खुर्च्या आणि एक चटई. हुद्दा अजून 'दुभाषी'च आहे. मी म्हणते, नुसती भाषा बदलून द्यायला माझी गरज नाही, मी ऐकते. दवाखान्याचे मोठे साहेब म्हणतात, ऐकण्याचा हुद्दा सरकारी यादीत नाही.

चटईची गंमत सांगते. अक्कम्मा नावाची विडीकामगार बाई यायची. नवऱ्याच्या मागे तिने बोलणंच टाकलं होतं. खुर्चीत बसवली की हात मांडीवर, मान खाली. मी तेलुगूत विचारलं, भिंतीने ऐकलं. एकदा तिच्या सुनेला घाई होती म्हणून ती अक्कम्माला सूप, तंबाखू, पानं यांसकट माझ्याकडे सोडून गेली. अक्कम्मा चटईवर बसली, मांडीवर सूप घेतलं, पान कातरलं, विडी वळायला लागली आणि बोलायलाही लागली. थांबेचना. हात रिकामे असले की या बायकांना परक्याच्या घरी आल्यासारखं होतं, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. तेव्हापासून मी म्हणते, येताना काम घेऊन या. माझ्या खोलीला तंबाखूचा वास येतो अशी मेट्रनबाईंची तक्रार आहे. ती खरी आहे.

आमचा दुसरा नियम नातेवाइकांचा. आपल्याकडे डॉक्टर आजाऱ्याला विचारतो आणि उत्तर थोरला दीर देतो. म्हणून घरच्यांना चहाला पाठवायचं आणि रक्ताच्या माणसाने दुभाषी व्हायचं नाही. हा नियम मीच आग्रहाने करून घेतला.

आता तुझ्या पत्राकडे वळते. टाळत होते हे तुझ्या ध्यानात आलं असेल.

तू लिहितोस, येत्या रविवारी, पाच तारखेला, टॅक्सी घेऊन येतोस, अव्वाला येरवड्याच्या वेड्यांच्या इस्पितळात दाखल करायचं आहे आणि आमच्या डॉक्टरांचा दाखला मी तयार ठेवावा. कारणं तीन. हेमलताची साडी तिने कात्रीने कापली. भर दुपारी सुई घेऊन तिच्या अंगावर गेली. दिवसभर असंबद्ध बडबडते. घरात आता तान्हं येणार, धोका कसा पत्करायचा?

अव्वा आजारी नाही असं मी म्हणणार नाही. आप्पा गेल्यापासून तिला झोप नाही. पहाटे उठून त्यांच्याशी बोलते, चहाचा दुसरा कप ओतून ठेवते. हा आजार आहे, त्याला औषध आहे आणि ते तिला चालू आहे. तुझ्या तीन कारणांबद्दल मात्र मला वेगळं लिहायचं आहे, आणि ते आज जमत नाही. पाणी आलं आहे.

मंगळवार

तू तिला आणून सोडलीस तेव्हा सांगितलंस म्हणून मी विळी, कात्री, सुया सगळं माळ्यावर टाकलं होतं. अव्वा माझ्याशीही बोलत नव्हती. मी कानडीत विचारावं आणि तिने कोनाड्याकडे बघावं. सारजाबाई येऊन बसायच्या. बसक्या घशानेच एकदा म्हणाल्या, "बाई, तुमी दवाखान्यात लोकांच्या आयांना काम देता आन् आपल्या आईला नुसती बसवून ठिवलीया की."

बोलणं झोंबलं. पण खरं होतं.

तिच्या गाठोड्यात चिंध्या होत्या, त्यात हेमलताच्या जांभळ्या साडीचे तुकडे. मी ते तिच्यापुढे ठेवले, सुई-दोरा दिला आणि स्वयंपाकाला लागले. दाराबाहेरच्या ओट्यावर ऊन होतं, तिथे ती बसली. तिने तुकडे एकाला एक लावले. थोड्या वेळाने उठली आणि सुई पुढे धरून सरळ माझ्याकडे चालत आली. गुरप्पा, मी मागे सरले. बंगळूरला शिकलेली मी, पाठ भिंतीला लागेपर्यंत मागे गेले.

ती म्हणाली, "मला दिसत न्हाय गं. ओवून दे."

इतकंच. कानडीत म्हणाली, आणि तिची कानडी मराठीत आणताना मी तिला पुस्तकी करणार नाही. मी दोरा ओवला. ती परत जाऊन बसली. तासाभराने पुन्हा सुई पुढे.

मी अव्वाला दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "शालनबाई, आता तुम्ही बाहेर." माझाच नियम. मी बाकावर जाऊन बसले, चहासुद्धा प्यायले, आणि आत आमच्या सावित्रम्मा आया दुभाषी म्हणून बसल्या. इतकी वर्षं मी लोकांना त्या बाकावर पाठवते आहे. दार बंद झालं की तिथे काय होतं, ते मला त्या दिवशी कळलं.

अव्वा सुई चालवत बोलली. तिच्या संमतीने डॉक्टरांनी मला सांगितलं ते असं. तिच्या माहेरी, अक्कलकोटच्या पलीकडे, पहिलटकरणीला सातवा लागायच्या आत बाळाची कौदी, म्हणजे तुकड्यांची गोधडी, शिवायला घेतात. तीत बाळाच्या आईच्या नेसत्या लुगड्याचा तुकडा लागतोच, नेसून मऊ झालेला. नव्याचा चालत नाही. अव्वाने हेमलताला विचारलं होतं. साडीकडे बोट करून, पोटाकडे बोट करून, कानडीत, चांगलं चार वेळा विचारलं होतं. हेमलता हसून "हो, हो" म्हणाली. सासूला नाही कसं म्हणायचं, म्हणून ती सगळ्यालाच "हो, हो" म्हणत असणार. तिने सुनेने वागावं तसंच केलं, तिला बोल लावू नकोस. अव्वाने परवानगी मिळाली असं धरून साडी कापली. शिवायला बसली, दोरा संपला, सुई घेऊन सुनेकडे गेली. पुढचं तुला माहीत आहे.

राहिलं तिसरं, बडबड. आजारात तिची मराठी गळून पडली, गुरप्पा. शिकलेली भाषा आधी जाते, हे मी पेशंटांत पाहिलं आहे. राहते ती आईकडून आलेली. तिच्या बोलण्यातलं काही आप्पांसाठी असतं, ते मलाही उमगत नाही. बाकीचं साधं आहे. भूक, गुडघे, पोराची वाट.

हे सगळं कळलं तेव्हा मला तुझा फार राग आला. टॅक्सी ठरवलीस याचा आला. तो गेला कसा, ते सांगितल्याशिवाय पत्र पुरं होणार नाही. अव्वाने सावित्रम्मांकडे एक निरोप दिला आणि हे माझ्या लेकाला कळवा म्हणाली. माझं काम जसंच्या तसं पोचवायचं आहे, म्हणून पोचवते.

"तो झाला तवा त्याचे आप्पा म्हणाले, पोराशी मराठीच बोलायचं, न्हायतर साळंत मागं पडल. मला मराठी किती येत व्हतं? जेव, झोप, अभ्यास कर. तेवढंच बोलले त्याच्याशी. मग तो मोहोळला आत्याकडं गेला. पोटातलं कायबी मी त्याला कदी सांगितलंच न्हाय. त्याला रागं भरू नका. आता नातवंडाशीबी मला बोलता यायचं न्हाय. म्हणून कौदी करते. ती अंगावर घातली की झालं."

मी हे ऐकून बाकावरच रडले. मला आजवर वाटायचं, तू शिकलास आणि दूर झालास. जी आई मला मिळाली ती तुला मिळालीच नव्हती, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. लोकांचं ऐकून घ्यायला मी बंगळूरला जाऊन शिकले आणि घरातलं हे राहून गेलं होतं.

दाखला मिळणार नाही. डॉक्टरांनी नाही म्हटलं, आणि त्यांनी हो म्हटलं असतं तरी मी तो तुझ्या हाती दिला नसता. अव्वा माझ्यापाशी राहील, तिचे उपचार इथेच होतील. हेमलताला भीती वाटली यात तिची चूक नाही, तिला हे पत्र वाचून दाखव. जांभळा तुकडा कमी पडतोय. आपल्या हाताने एखादी जुनी, नेसून मऊ झालेली साडी काढून देईल का, विचार. तिला खरंच द्यावीशी वाटली तरच.

रविवारी टॅक्सी नको, एसटीने ये. दुपारपर्यंत पोचलास तर अव्वा ओट्यावर उन्हात बसलेली असेल. मी मुद्दामच घरात थांबणार आहे. ती तुझ्याकडे बघेल, काहीतरी बोलेल, तुला कळणार नाही. मला हाक मारू नकोस. ती उठेल आणि सुई पुढे करील. मागे सरू नकोस.

दोरा ओवून दे.

अव्वाच्या वतीने, आणि माझ्याही,
तुझी अक्का
शालन