बिनखिळ्याच्या भिंती

प्रिय शेंडेफळा,

तुझा निरोप मिळाला. ताकाला जाऊन भांडं लपवायची तुझी जुनीच खोड. आधी माझ्या तब्येतीची चौकशी, मग आईच्या मोडलेल्या खुब्याची, आणि अगदी शेवटी मुद्दा: सोमवारी हॉस्पिटलची नवी इमारत पुन्हा सुरू होते आहे, तेव्हा आईला तंबूतून हलवून तिसऱ्या मजल्यावर ठेवा. का, तर ज्यानं इमारत बांधली त्याची स्वतःची आई तिथं निर्धास्त झोपलेली लोकांना दिसावी, पेपरवाल्यांना दिसावी. वाचून माझं डोकंच फिरलं. राग ओसरल्यावर लिहायचं ठरवलं होतं, पण तो ओसरेना, म्हणून तसंच लिहिते.

भूकंपानंतर तुझा फोटो छापून आला होता. गावातली एवढी घरं पडली, पण हॉस्पिटलच्या एकाही खांबाला तडा गेला नाही, असं तू सांगितलंस. ते खरंच आहे. बडा घर पोकळ वासा म्हणतात, तुझं उलटं झालं. वासे भक्कम आणि घर पोकळ. खांब जागच्या जागी राहिले आणि हॉस्पिटल बंद पडलं. कसं पडलं, हे तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही, कारण तुझ्यासमोर सगळे साहेब साहेब करतात. मी त्या मजल्याची मुख्य नर्स आहे आणि तुझी थोरली बहीण आहे. मला तसली काही अडचण नाही.

सकाळची ड्रेसिंग नुकतीच संपली होती. आधी छताखाली टांगलेले ते पांढरे पत्रे खाटांवर कोसळले. मग गच्चीवरच्या टाकीचा पाइप तुटला आणि पाणी जिन्यावरून धो धो खाली, थेट तळघरात. जनरेटर तळघरात, कारण तो मागच्या अंगणात ठेवला असता तर तुझ्या इमारतीची शोभा गेली असती. वीज गेली, जनरेटर बुडाला. ऑक्सिजनचा पाइप जुन्या बैठ्या इमारतीतून नव्या इमारतीत येतो. दोन्ही इमारती आपापल्या तालावर हलल्या आणि मधला ताठ बसवलेला पाइप काडीसारखा मोडला. खांबांचं गणित तू मांडलंस, पण आत माणसं श्वास कशावर घेतात ते बघायला तुला सवड झाली नाही.

आणि ते औषधांचं कपाट. उद्घाटनाआधी मी सुतार बोलावला होता. सगळी कपाटं पट्ट्या मारून भिंतीला पक्की करायची होती. तू त्याला दारातूनच परत पाठवलंस. माझ्या भिंतीला एकही भोक पडता कामा नये म्हणालास, आणि मला म्हणालास, ताई, तुला दृष्टीच नाही. बरोबर आहे, मी मेली बेडपॅन उचलणारी, मला कुठली दृष्टी. ते कपाट वॉर्डच्या दाराला आतून आडवं पडलं. मी व्हरांड्यातून सिलिंडर घेऊन आले तर दार उघडेना. जेमतेम हात जाईल एवढी फट. आत दाराजवळच्या खाटेवर म्हातारे मास्तर, ऑक्सिजनवर असलेले. गोळ्या चुकवतात म्हणून मी रोज त्यांना रागवायची आणि ते रोज मलाच शुद्धलेखन शिकवायचे. फटीतून मला त्यांचे पाय दिसत होते. सिलिंडर माझ्या हातात होता. आमच्या वॉर्डमामांनी खांदा निखळेपर्यंत दार रेटलं. आत शिरलो तेव्हा पाय हलायचे थांबले होते. मी तुला हे माफ करणार नाही. करायची इच्छाही नाही.

बाकीच्यांना चादरींत घालून ओल्या जिन्यावरून खाली आणलं. त्यानंतर हॉस्पिटल चाललं, पण ते तुझ्या इमारतीच्या बाहेर. गाड्या लावायच्या जागेत ताडपत्र्या बांधल्या, पाणी अग्निशमनवाल्यांनी दिलं, स्वयंपाकघरातल्या मोठ्या पातेल्यांत आम्ही कात्र्या-चिमटे उकळले. ऑपरेशनं जुन्या बैठ्या इमारतीत झाली, जिला तू पाडायला निघाला होतास. आईचा खुबाही तिथंच बसवला.

आता दुरुस्ती झाली म्हणतात. मी जाऊन पाहिलं. रंग छान दिला आहे. पाइप पूर्वीसारखाच ताठ जोडला आहे. कपाट त्याच जागी पुन्हा उभं केलं आहे आणि भिंतीला अजून एकही खिळा नाही. मी एका हातानं ढकललं तर डुललं. इकडे जमीन अजून अधूनमधून हलते, तंबूतले बांबू करकरतात आणि पेशंट माझ्या तोंडाकडे बघतात.

तुला वाटेल, हे सगळं मी आईला पाठवणार नाही असं ठणकावण्यासाठी लिहिलं. माझ्या हातात असतं तर कागदही वाया घालवला नसता. तुझा निरोप आईलाही पोचला आहे आणि ती तयार झाली आहे. मी तिला सगळं सांगितलं, मास्तरांचंही. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, माझ्या पोरानं बांधलंय, मीच पाऊल टाकलं नाही तर लोक त्याच्यावर विश्वास कसा ठेवतील. डॉक्टरांना तिनं स्वतः होकार दिला. ती शुद्धीत आहे, शहाणी आहे, तिला अडवायचा मला अधिकार नाही. मी सगळ्या तंबूदेखत तिच्यावर ओरडले, तर तिनं तोंड फिरवलं. माझं बोलणं तिच्या कानापर्यंत जातं, तुझं काळजापर्यंत. त्यावर भांडायचं मी कधीच सोडलं आहे. म्हणून ज्याचं तोंड बघायची इच्छा नाही त्याच्यापुढे हात जोडते. पेपरवाल्यांना काय सांगायचं ते सांग, मानसन्मान घे, मी कुठं बोलणार नाही. फक्त सोमवारच्या आधी तिला फोन कर आणि तुझ्या तोंडानं सांग, आई, वर जाऊ नकोस, मी ते नीट बांधलेलं नाही.

रागावलेली, आणि नाइलाजानं तुझीच,
ताई