सोवळ्यातला मास्क

३ जून, मंगळवार
चेन्नैहून पार्सल आले. एन-९५ मास्क, नग वीस, रुपये सहाशे, कुरियर वेगळे. सुनेने, सौंदर्याने, पाठवले. हे कारखान्यात पितळी समयांना पॉलिश करतात, ती धूळ छातीत जाते म्हणून. सोबत चिठ्ठी : धुऊ नका, मळला की फेका. फेका म्हणे! हिच्या घरी मशीन धुते, हिला काय कळणार.

५ जून, गुरुवार
हे मास्क लावून थेट स्वयंपाकघराच्या दारात! दहाजणांत फिरलेली वस्तू. शिकेकाईत उकळला, काठीने उचलून माझ्या लुगड्याशेजारी सोवळ्याच्या दांडीवर वाळत घातला. अगदी नवा. आता रोज असेच.

२० जुलै, रविवार
तोच मास्क. हे म्हणाले, नवा होता तेव्हा नाक दाबल्यासारखे व्हायचे, आता श्वास कसा मोकळा येतो. हाताचा गुण! सौंदर्याला सांगितले नाही, उगाच खजील होईल.

१८ सप्टेंबर, गुरुवार
यांचा खोकला वाढला. हवाच वाईट. कारखान्यातला साईकुमार दारात येऊन विचारतो, मामी, मामांचा मास्क की इडलीचे फडके? स्वतः दर आठवड्याला नवा लावतो. उधळ्या.

६ नोव्हेंबर, गुरुवार
रबर सुटले. परकराची नाडी लावली. खोकला जात नाही, म्हणजे धुणे कमी पडते. उद्यापासून दोनदा उकळणार.

२ डिसेंबर, मंगळवार
तंजावरचे छातीचे डॉक्टर. मास्क उलटा केला, आतही पिवळी धूळ. धुता का, विचारले. रोज, मी ताठ मानेने सांगितले. त्यानंतर ते माझ्याशी बोललेच नाहीत, यांच्याशीच. धुतला की धूळ अडवायची याची ताकद जाते, म्हणाले. छातीत बसलेली धूळ आता निघायची नाही. यांचे कारखान्यात जाणे बंद.
परतीच्या बसमध्ये पापनाशम गाव आले. तेव्हा हे म्हणाले, स्वच्छ मात्र असायचा हो, जयलक्ष्मी.

३ डिसेंबर, बुधवार
देवघराच्या कपाटात एकोणीस कोरे. सौंदर्याला कार्ड टाकायचे, ते असे :
चि. सौंदर्या, आशीर्वाद. धुऊ नका एवढेच लिहिलेस, का ते लिहिले नाहीस. चूक तुझीच, तरी मी मनात ठेवलेले नाही. मास्क पुष्कळ शिल्लक आहेत. यांना ओसरीवर नुसते बसूनही धाप लागते. घरातल्या घरात लावला तर चालतो का, उलट टपाली कळव.