आत शून्य

४ ऑक्टोबर, रविवार

वहीबाई, माफ कर. चार महिने तुला उघडलं नाही. चष्म्याची काडी तुटली होती हे खरं, पण ती जोडूनही दोन महिने झाले. लिहायला काही नव्हतं. आज आहे, आणि ते मला नीट कळलेलं नाही — म्हणून लिहितो.

कारखान्याच्या कँटीनमध्ये सगळ्या विभागाची बैठक झाली. खाडीकाठच्या वस्त्या, अग्निशमनवाले, बसवाले, इस्पितळवाले. दोन पुस्तिका वाटल्या. निळी वादळाची : भोंगा झाला की घर सोडा, उंचावर जा. पिवळी अमोनियाची : भोंगा झाला की घर सोडू नका, खिडक्या लावा, फटींत ओली फडकी कोंबा. दोन्ही पुस्तिकांवर तोच हसरा माणूस. एकीत पळतोय, एकीत बसलाय.

मी चौथी शिकलेला. एकतीस वर्षं ह्याच कारखान्याच्या गेटवर माणसं मोजण्यात काढली. तरी उठलो आणि विचारलं, वादळानंच टाकी फुटली तर? बसायचं की पळायचं? इंजिनियर हसला. म्हणे, आजोबा, टाकीला काही होत नाही, तुमच्या लग्नाच्या आधीपासून उभी आहे ती. सगळे हसले. मीही हसलो. अरे, लग्नाच्या आधीची आहे हीच तर माझी भीती! पण हे घरी आल्यावर सुचलं.

एक बाई हसल्या नाहीत. आपत्ती कार्यालयाच्या. माझा प्रश्न त्यांनी डायरीत उतरवून घेतला. निघताना म्हणाल्या, काका, जन्मभर माणसं मोजलीत, आता गल्लीची यादी तुम्ही सांभाळा. चौदा घरं, त्रेचाळीस माणसं. गल्लीप्रमुख म्हणे मी! ह्या वयात.

५ ऑक्टोबर

दोन्ही पुस्तिका तीनदा वाचल्या. डोकं गरगरतं. सूनबाईला विचारलं तर म्हणाली, बाबा, दोन्ही करा, दारंखिडक्या घट्ट लावून घ्या आणि मग बाहेर पडा. मुलगा परगावी, त्याला फोनवर हे सांगून दोघं पोट धरून हसली. हसा.

६ ऑक्टोबर

ताईकडे गेलो. गल्लीच्या शेवटच्या घरात ती एकटी. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. खुबा मोडल्यापासून दीड वर्ष खाटेवर. सूनबाई दोन वेळा जाऊन तिचं सगळं करते. तिला बसमध्ये बसवता येणार नाही, हे बाईंना सांगून ठेवलं होतं. त्यांनी रीत समजावली : बस सुटताना मी चिठ्ठी लिहायची — बाहेर इतके, आत इतके. आत कुणी असेल तर स्ट्रेचरची गाडी येते. नसेल तर ती पुढच्या वस्तीला जाते. गाडी एकच आहे.

ताईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुझ्या चिठ्ठीवर माझा जीव म्हणजे झालंच. लहानपणी वाण्याकडे साखरेला पाठवलं तर मीठ घेऊन आला होतास."

बासष्ट वर्षं झाली त्याला. विसरत नाही.

७ ऑक्टोबर

वादळ वळणार म्हणतात. न वळलं तर परवा. मला जेवण गेलं नाही.

९ ऑक्टोबर, शुक्रवार, दुपारी बारा

शाळेत पोचलो. उंचावर आहे. पाचवीचा वर्ग आमच्या गल्लीला दिलाय, बाकं इतकी बुटकी की गुडघे हनुवटीला लागतात. बाकावरच लिहितोय.

सकाळी आठला ताईकडे जाऊन आलो. पाण्याचा तांब्या, गोळ्या हाताशी ठेवल्या. म्हटलं, आम्ही गेलो की तासाभरात गाडी येईल. वास आला तर पदर ओला करून नाकाला लाव. ती म्हणाली, जा तू, बस चुकेल तुझी.

मग नुसता गोंधळ! भोंगा झाला, पण कुठला? अर्धी गल्ली बाहेर, अर्धी खिडक्या लावतेय. शिंपी टेप घेऊन फटी बंद करत बसलेला, त्याला ओढून काढला. कोणी पोपटाचा पिंजरा आणला, कोणी शिलाई मशीन. चालक हॉर्नवरचा हात काढेना. मी दाराशी उभा राहून डोकी मोजली. पहिल्यांदा एकेचाळीस. पुन्हा मोजली. त्रेचाळीस. तिसऱ्यांदा मोजली, त्रेचाळीसच!

गेटवर असताना पाळी सुटली की यादी आणि डोकी जुळेपर्यंत मी फाटक लावत नसे. जुळली की अंग हलकं व्हायचं. तसंच झालं. चिठ्ठी लिहिली — बाहेर ४३, आत ०. सही केली. बाईंचा माणूस घेऊन गेला.

त्याच दिवशी, दुपारी अडीच

शिंप्याजवळ एक म्हातारी चहात बिस्किट बुडवून खात होती. ही कोण म्हणून विचारलं. तो म्हणाला, सासूबाई, काल रात्रीच आल्या, मुहूर्त बघा कसा साधला!

ती यादीत नाही.

यादीत त्रेचाळीस ताईला धरून आहेत. बसमध्ये बेचाळीसच हवे होते. आत एक.

मी शून्य लिहिलं. ताईशी सकाळी बोलून आलो, आणि शून्य लिहिलं!

त्याच दिवशी, साडेपाच

बाईंना शोधायला पळालो. ह्या पायांनी पळालो. सापडेपर्यंत साडेतीन वाजले. त्यांनी गाडीवाल्याला फोन लावला. तो पुलापलीकडे इस्पितळात होता, आणि पूल तीनला बंद. अग्निशमनला लावला, लागेना. मग फोनच बंद पडले. मी म्हटलं, चालत जातो. दारावरचा शिपाई म्हणाला, बाहेर सोडायचा हुकूम नाही. मी एकतीस वर्षं लोकांना हेच सांगत आलो.

सूनबाई म्हणाली, मला वाटलं तुम्ही लिहिलंच असेल, एवढंच. भिंतीकडे तोंड करून बसली आहे. काचा थरथरतात.

१० ऑक्टोबर

वादळ पहाटे ओसरलं. पण टाकीच्या नळीवर कसलासा खांब पडला. अमोनिया सुटलाय. आमची गल्ली वाऱ्याच्या तोंडाशी. मास्कवाल्यांशिवाय कुणाला प्रवेश नाही, आणि मास्कवाले आधी टाकीवर.

म्हणजे मी विचारलं होतं तेच झालं. बरोबर ठरल्याचा आनंद होतो का माणसाला?

बाई शेजारी येऊन त्या बुटक्या बाकावर बसल्या. दोन रात्री झोपलेल्या दिसत नव्हत्या. मी म्हटलं, मला काय शिक्षा व्हायची ती होऊ दे. त्यांनी हातातली डायरी मिटली. मग म्हणाल्या, "काका, एका चिठ्ठीवर अख्खी गल्ली सोडायची, ही रीत मी लिहिली. पडताळायला दुसरा माणूस ठेवायला हवा होता. मीही आकडा जुळलेला बघून पुढे गेले."

त्यांनी असं बोलायला नको होतं. चूक कुणाची ते मला नक्की हवं आहे. माझी असेल तर माझी. वाटून घेतली की धरायची कुठं?

फटीत फडकी कोंबायची तर खाटेवरून उठावं लागतं. पुस्तिकेत ते लिहिलेलं नाही.

११ ऑक्टोबर

काही खबर नाही. सूनबाईनं ताटाला हात लावला नाही, मीही नाही.

१२ ऑक्टोबर, सोमवार

अग्निशमनवाला आला. मी उठलोच नाही, बसूनच ऐकलं. खाट रिकामी. घरात कुणी नाही. मागचं दार आतून कडी काढून उघडलेलं. सूनबाईनं विचारलं, खाटेखाली चपला होत्या का? नव्हत्या.

कुठल्याच शाळेच्या यादीत नाव नाही. बाई पुन्हा सगळीकडे विचारताहेत.

ताई, तू चालत गेलीस? आम्हाला कुणाला न सांगता उठायला शिकली होतीस, की त्या दिवशीच उठलीस? गाडी येत नाही हे तुला किती वाजता कळलं? माझ्यावर राग धरला असशील तर धर, जन्मभर धर. पण आहेस तिथून कुणाच्याही हाती निरोप धाड. लवकर धाड.