एकशे आठ बेल आणि भाऊजींचा गुडघा

उज्जैन,
वैशाख वद्य तृतीया
(आपल्या पंचांगाने. गल्लीच्या पंचांगाने ज्येष्ठ लागून तीन दिवस झाले. हे महत्त्वाचं आहे, पुढे येईलच.)

ती. दत्तात्रय भाऊजींच्या चरणी, डाव्या गुडघ्याला धक्का न लावता, विनायकचा नमस्कार.

इकडे सगळं ठीक आहे असं आधी लिहायची पद्धत आहे, पण ते तुम्ही पत्र वाचून झाल्यावर ठरवा. नागपुरात आमच्या भाच्याकडे, चि. अपूर्वकडे राहून तुमचं ऑपरेशन चांगलं झालं, टाके निघाले, भूक लागते, असं ताईने फोनवर सांगितलं. ताई लहानपणापासून वाईट बातमी गिळून चांगली तेवढी सांगते, म्हणून मी त्यातलं निम्मंच खरं धरलं आहे. फोन सोडून पत्र का, असं तुम्ही विचाराल. आमच्या घरात फोनवर बोललेलं प्रतिभाला ऐकू जातं आणि प्रतिभाने ऐकलेलं गल्लीला. हे पत्र मी स्वतः देवास गेटपर्यंत चालत जाऊन पेटीत टाकणार आहे. ताईला दाखवू नका.

विषय रोपांचा आहे. चैत्रात तुम्ही तुमची बेलाची एकशे आठ रोपं काळ्या पिशव्यांसकट माझ्या अंगणात आणून ठेवलीत. वनखात्याच्या रोपवाटिकेत जन्म घालवून निवृत्त झालेल्या माणसाने बी पेरण्यापासून वर्षभर सांभाळलेली रोपं. आषाढात परत येऊन स्वतःच्या हाताने देवास रोडच्या टेकडीवर लावणार, त्यासाठीच तर गुडघा बदलून घेतो आहे, असं तुम्ही म्हणालात. ते मी विसरलेलो नाही. तुम्ही दिलेला कागदही भिंतीला लावला होता. रोज सकाळी पिशवीत पेरभर बोट घालायचं, माती बोटाला चिकटली तर पाणी नको, कोरडी लागली तरच द्यायचं, आणि वैशाख संपत आला की पाणी हळूहळू तोडायचं, म्हणजे रोप काटक होतं, कारण टेकडीवर नळ घेऊन कोणी उभं राहणार नाही. (खरं सांगतो, पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझा तुमच्यावरच संशय आला होता. सरकारी खात्यात पाणी वाचवायची सवय लागलेला माणूस, म्हटलं, रोपांच्याही तोंडचं काढतो आहे. त्याबद्दल क्षमा असावी.)

तर पंधरा दिवसांनी रोपं माना टाकू लागली. पानं पिवळी, पिशवीवर शेवाळं, कोपऱ्यातलं पहिल्या ओळीतलं पहिलं रोप तर मुळासकट उपटून हातात आलं, आणि मूळ कसलं, भिजलेली वात. मी बोट घालायचो तेव्हा माती ओलीच. आणि मी तर आठ-आठ दिवस पाणी दिलेलं नव्हतं! नळ आमच्याकडे एक दिवसाआड येतो, तरी वरची टाकी दुपारपर्यंत रिकामी. कुठेतरी पाणी मुरत होतं हे कळायला चौतीस वर्षं रेल्वेत तिकिटं तपासावी लागत नाहीत, पण मी तपासली आहेत. माणूस संडासात लपला आहे की खरंच बसला आहे हे मी दाराबाहेरून ओळखत असे. तेव्हा मी तपास हाती घेतला.

पहिला संशय अर्थातच शेजारच्या भय्यासाहेबांवर. यांचे पूर्वज शिंद्यांबरोबर उज्जैनला आले, आमचे वडील रेल्वेबरोबर, हा फरक ते मला आठवड्यातून एकदा तरी सांगतात. (शिंद्यांनी यांच्या पणजोबांच्या पणजोबांना दप्तरात कोणत्या कामाला ठेवलं होतं हे मात्र विचारलं की खोकला येतो.) रोपं आली त्या दिवशीच ते कुंपणावरून म्हणाले होते, “विनायकराव, बेचारी तहानलेली दिसतात हो, इतकी कंजूसी बरी नाही.” दुसऱ्याच्या रोपांची एवढी काळजी करणारा माणूस मला स्वच्छ वाटत नाही. त्यात सोमवारी सकाळी पाहतो तर निम्म्या रोपांचे शेंडे खुडलेले. पुढच्या सोमवारीही तेच. आणि बुधवारी एका पिशवीत कुंकू, दुसरीत अक्षता, तिसरीत अर्धी जळलेली फुलवात. भाऊजी, मी देवबीव मानत नाही हे तुम्हाला माहीत आहे, पण उज्जैनमध्ये पिशवीत कुंकू सापडलं की न मानणाराही आधी दोन पावलं मागे सरतो. मला वाटलं, तुमच्या रोपांवर कोणीतरी करणी केली. मी तीनही पिशव्या चिमट्याने उचलून वेगळ्या ठेवल्या आणि हात साबणाने दोनदा धुतले.

मग परवा रोजच्यासारखा दहाला वाचनालयात जातो असं सांगून निघालो आणि मागच्या दाराने येऊन ओसरीवरच्या कूलरमागे बसलो. कूलर चालू होता. त्याची ओली वाळ्याची ताटी माझ्या पाठीला टेकत होती, तरी मी हललो नाही. बरोबर साडेदहाला बाजूचं फाटक उघडलं आणि आत आल्या सात बायका, प्रत्येकीच्या हातात तांब्या. मागोमाग भय्यासाहेब, रामघाटावरून आंघोळ करून, क्षिप्रेच्या पाण्याची अख्खी कॅन घेऊन. आणि या टोळीच्या पुढे, कोणी कुठल्या ओळीपासून सुरुवात करायची ते हाताने दाखवत, आमची धर्मपत्नी सौ. प्रतिभा! मी उठायला गेलो आणि शिंकलो. एक शिंक, दोन, पाच. सातही बायकांनी मागे वळून पाहिलं. प्रतिभा मात्र मोजत राहिली, त्रेचाळीस, चव्वेचाळीस, आणि मला म्हणाली, “तुम्ही बीच में नका बोलू, गिनती चुकते.”

एकशे आठ पूर्ण झाल्यावर मला सगळं कळलं. तुमच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी प्रतिभाने महादेवाला नवस केला, की भाऊजी काठी सोडून चालू लागेपर्यंत एकशे आठ बेलांना रोज तांब्याभर पाणी घालीन. (एकशे आठचा आकडा गल्लीभर मीच मिरवला होता. घरबसल्या एकशे आठ बेल कोणाकडे असतात?) ते ऐकून शेजारणी आल्या, कारण वैशाखात झाडाला पाणी घालण्याइतकं पुण्य नाही. आता यातली गोम अशी, की गल्लीतल्या मालवी बायकांचा वैशाख आपल्या पंधरा दिवस आधी लागतो आणि आपल्या मराठी बायकांचा त्यांच्यानंतर पंधरा दिवस उरतो. म्हणजे तुमच्या रोपांच्या नशिबी दीड महिन्याचा वैशाख आला, आणि मधल्या शुक्ल पक्षात तर दोन्ही वैशाख एकदम त्यांच्या डोक्यावर ओतले गेले. शेंडे सोमवारी खुडले जायचे ते पिंडीवर वाहायला, आणि कुंकू-फुलवात ही करणी नव्हे, पूजा. भय्यासाहेब क्षिप्रेचं पाणी आणायचे ते तुमच्यासाठी. त्यांच्याबद्दल मी वर जे लिहिलं ते खोडत नाही, पण त्यातलं थोडं मागे घेतो.

मी प्रतिभाला तुमचा कागद दाखवला. तहानलेलं रोप आणि बुडालेलं रोप, दोघंही मान टाकतात, म्हणून तुम्हा बायकांना वाटतं तहान लागली, हे समजावलं. तिला पटलं. पण नवस मध्येच सोडला तर उलटतो, आणि उलटला तर कोणाच्या गुडघ्यावर, असं तिने विचारलं. याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर कळवा.

आजपर्यंत एकोणीस रोपं गेली. खरी भीती पुढे आहे. तांबे एकशे आठच पडले पाहिजेत, म्हणून मेलेल्या एकोणिसांच्या वाट्याचं पाणी उरलेल्या एकोणनव्वदांना मिळतं. जितकी मरतील तितकं बाकीच्यांना जास्त. हा हिशेब मी दोनदा मांडून पाहिला. आषाढ लागेपर्यंत एका रोपाला एकशे आठ तांबे पडतील. मला झोप लागत नाही. तुम्ही बदललेला गुडघा घेऊन याल आणि मी तुम्हाला रिकाम्या पिशव्या दाखवीन, हे चित्र डोळ्यांसमोरून जात नाही.

एक गोष्ट मात्र अजून उलगडलेली नाही. पहाटे पाच वाजता, बायका उठायच्या आत, पहिल्या ओळीचा कोपरा ओला असतो. तो कोण, याचा तपास चालू आहे.

ताईस नमस्कार, चि. अपूर्वला आशीर्वाद. पाय वर ठेवून झोपत जा.

आपला,
विनायक

ता. क. — खरं काम हे. पत्र मिळताच प्रतिभाला फोन करा आणि तुम्ही काठी सोडून खोलीभर चाललात, जिनाही चढलात, असं ठणकावून सांगा. मागून ताईला “अहो, हळू!” असं ओरडायला सांगा, म्हणजे खरं वाटेल. (म्हणजे ताईला पत्र दाखवावंच लागेल. दाखवा.) त्याच दिवशी नवस फिटेल, मी फाटकाला कुलूप लावीन आणि रोपं वाचतील.

ता. क. २ — पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा उघडलं. पहाटे पाचचा तो मीच. ऑपरेशनच्या दिवशी फोनवर ताईला बोलता येत नव्हतं, तेव्हापासून एक तांब्या घालतो, कोपऱ्यातल्या रोपाला. ते पहिलं गेलं, आता त्याच्या शेजारच्याला घालतो. प्रतिभाला माहीत नाही. तेव्हा तिला फोनवर काय सांगायचं ते सांगा, पण मला पत्राने खरं कळवा, गुडघा खरंच बरा आहे ना? नसेल तर फोन करू नका. रोपं आपण पुढच्या वर्षी पुन्हा पेरू.