तक्त्यात न मावणारे खांदे

१८ फेब्रु. ८५, सोम.
कारखान्याच्या अग्निशमन दलाची मेडिकल. डोळे, छाती, बी.पी. सगळं ठीक. उंची ५ फूट ५, वजन ७८ किलो. डॉक्टरांनी वजनाला उंचीच्या वर्गाने भागलं आणि तक्त्यावर बोट ठेवलं. "वजन जादा. मार्चअखेरपर्यंत दहा किलो उतरवा." शर्ट काढून दंड दाखवले. म्हणाले, "काटा हाड, मांस, चरबी असं वेगळं करत नाही. मला दिसतंय, पण सही तक्त्यावर करायची." मग दिसून उपयोग काय!
मावसभाऊ सान्तान पास. हातपाय काड्या, पोट सुटलेलं. तक्त्यात मात्र चपखल.

२० फेब्रु., राखेचा बुधवार
घरात उपासकाळ सुरू, मटण-मासळी बंद. मी भातही सोडला. आईला मेडिकलचं सांगायची हिंमत नाही, तिने नोकरी लागल्याचं गावभर करून ठेवलंय. तिला वाटतं, पोरगा भक्तीला लागला.

३ मार्च, रवि.
चर्चमध्ये मिस्सानंतर आईने फादरना गाठलं. "फादर, आमचा बस्त्याव एकदाच जेवते आता!" फादरनी पाठ थोपटली. बायका कौतुकाने बघत होत्या. डॉक्टरचा असा राग आला! आता पावाचा तुकडासुद्धा चोरून खायची सोय राहिली नाही.

१६ मार्च, शनि.
केळीच्या वखारीतल्या काट्यावर ७२. पट्टा जेमतेम एक भोक सरकला, दंड मात्र सैल. चरबी होतीच कुठे जायला? गेलं ते कमावलेलं. तालमीतली इतकी वर्षं... जाऊ दे.
वाडीत पूर्वी केळीचे दोन लोंगर, अख्खे घड, खांद्यावर नेत होतो. आज एक घेतला आणि बांधावर टेकलो. बाबा : "काय रे, बरं नाय काय?" उपास आहे म्हटलं. दुसरं काय सांगणार.

२९ मार्च, शुक्र.
६८. डॉक्टर खूश, सही झाली. "आता कसे फिट!" जिना उतरताना पाय कापत होते.
उद्या मैदानावर ताकदीची परीक्षा. माणूस खांद्यावर घेऊन शिडी उतरायची. महिन्यापूर्वी हसत केलं असतं. संध्याकाळी अंगणात बाबांना उचलून बघितलं, चार पावलांत गुडघे वाकले. सगळं सांगितलं त्यांना. बाबा धोतर झटकत म्हणाले, "आधी आयला सांग. मग पोटभर जेव." एका जेवणाने काय परत येणार आहे?
आई जेवायला हाका मारतेय. ताटात एकच भाकरी असेल, मोठ्या अभिमानाने वाढलेली. आज तीन मागणार आहे. ती का म्हणून विचारेल, तेव्हा मेडिकलचं सगळं सांगून टाकेन.