शेवटचं तेवढं गाळलं

१४ मार्च

अब्बा, सलाम.

गुडघ्यांना तेल लावता ना, की लावलं म्हणून अम्मीला नुसतं सांगता? मी बरी आहे. खोलीतला हीटर एकदाचा दुरुस्त झाला.

आमच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात ज्याच्यावर खटला चालू होता तो कमांडर कोठडीत वारला, हे तुम्ही पेपरात वाचलंत. फोनवर म्हणालात, "चला, सुटलीस तू." सुटले नाही, अब्बा. तुमचा आवाज ऐकून बोलायचा धीर झाला नाही, म्हणून लिहिते.

गेल्या महिन्यात एका आईची साक्ष होती. कमांडरच्या माणसांनी तिच्या मुलाला मारलं. कुठे पुरलं, कुणालाच माहीत नाही. मी दुभाष्याच्या काचेच्या खोलीतून तिचं बोलणं न्यायाधीशांना सांगत होते. शेवटी ती म्हणाली, "शरीयतमध्ये खुन्याला माफ करायचा हक्क वारसाचा आहे. याला विचारा, माझं पोर कुठे पुरलंय? सांगितलं तर माझ्यापुरतं मी माफ केलं."

तेवढं मी गाळलं. "माझं बोलणं संपलं," असं तिच्या वतीने सांगून मोकळी झाले.

थकले होते वगैरे सबबी स्वतःला सांगून पाहिल्या. खरं एवढंच, की मला लाज वाटली. शरीयतचं नाव ऐकून ते तीन न्यायाधीश एकमेकांकडे बघून हसतील, असं वाटलं. आणि मी कोण, तर काझींची मुलगी! मुलांच्या बरोबरीने बसून तुमच्याकडे हाच धडा शिकलेली.

कमांडरला तिची भाषा कळत होती. तो अर्धवट उठला, तोंड उघडलं. प्रश्नच कानावर न आलेल्या न्यायाधीशांना वाटलं, हा उगाच मध्ये बोलतोय. त्यांनी त्याला खाली बसवलं.

बाहेर तिने माझा हात धरला. "पोरी, सगळं सांगितलंस ना गं?"

"हो, मावशी," मी म्हणाले.

ती अजून उत्तराची वाट बघतेय. काल मी कार्यालयात लेखी कबुली दिली, नोकरी जाईलच. उद्या तिच्या घरी निघतेय.

तुमच्याकडे माफी मागत नाही. ती द्यायचा हक्क ज्याचं गेलं त्याचाच, हे तुम्हीच शिकवलंत. फक्त ती आई दार उघडेपर्यंत मी तिथे उभी राहीन, एवढी दुआ करा.

काझींची मुलगी म्हणवून घ्यायला आज न धजणारी,
तुमची धाकटी